नायदर-नॉरचा तास

"नायदर द बॉइज नॉर द टीचर, पुढे गाळलेली जागा, आणि मग इन द क्लास," शेवटच्या बाकावरून धांडे सरांनी वाक्य सांगितलं. "वॉज की वेअर? जागा भरा आणि मुलांना समजावून द्या."

मी वाक्य फळ्यावर उतरवून घेतलं. सरांनी मला 'भरा', 'समजावून द्या' असं म्हणण्याची ही पहिलीच वेळ. एरवी मी त्यांची 'रजे' होते. पण त्यांच्या शेजारी संस्थेचे अध्यक्ष नेहेते बसले होते, पलीकडे मुख्याध्यापक फिरके सर. समोर नववीचा वर्ग. जागा एकच, आणि ती सरांचीच. ते जूनअखेर निवृत्त होणार होते. जळगावहून विषयाचे तज्ज्ञ यायचे होते, ते आले नाहीत, म्हणून सरांनाच तज्ज्ञ म्हणून बसवलं होतं. हे कळलं तेव्हा माझी निम्मी भीती पळाली होती.

माझ्याआधी ज्योत्स्नाचा पाठ झाला होता. ती अध्यक्षांची पुतणी. तिला सरांनी आयदर-ऑरचं सरळसोट वाक्य दिलं, दोन्ही कर्ते एकवचनी. तिनं ते कसंबसं पार पाडलं. मला मात्र सरांनी जोड्यांचा अख्खा धडाच घ्यायला सांगितला. मला त्याचा अभिमानच वाटला.

आणि पाठ रंगला होता, हे मी आज चाळीस वर्षांनीही खात्रीनं सांगते. मुलांना मी म्हटलं, ही अव्ययं जोडीनं येतात, नवरानवरीसारखी. आयदरचं लग्न ऑरशी, नायदरचं नॉरशी, नॉट ओन्लीचं बट ऑल्सोशी. मुली खुदखुदल्या. एका मुलानं नो सूनरच्या मागे व्हेन जोडलं, तर मी म्हटलं, "अरे, वरात दुसऱ्याच मांडवात शिरली की! नो सूनरची जोडीदारीण दॅन. व्हेन नांदते हार्डलीच्या घरी." अख्खा वर्ग हसला. फिरके सरसुद्धा हसले. मग हे शेवटचं वाक्य आलं.

मी खडू उचलला आणि गाळलेल्या जागेत 'वॉज' लिहिलं.

"दोन कर्ते नायदर-नॉरनं जोडले की क्रियापद कुणाचं ऐकतं?" मी विचारलं. "जवळच्याचं. इथे जवळ कोण आहे? टीचर. एकच आहे. म्हणून वॉज."

"चूक," सर म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, मुलांची परीक्षा घेताहेत.

"चूक आहे ते. वेअर पाहिजे."

सरांच्या डोळ्यांना काळा चष्मा होता. उन्हाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काचांमागे ते कुठे बघताहेत हे काही दिसत नव्हतं.

"सर, जवळच्या कर्त्याप्रमाणे..."

"हे कोणी शिकवलं तुला?"

मुलं मान वळवून मागे सरांकडे बघायला लागली.

"तुम्ही, सर."

"मी असं कधीही शिकवलेलं नाही."

खरं तर त्यांनी ते कुठे शिकवलं, कसं शिकवलं, सगळं मला आठवत होतं. आमची पिठाची गिरणी होती. सर दळणाचा डबा घेऊन येत आणि दळण होईपर्यंत गिरणीच्या पट्ट्यासमोरच्या पोत्यावर बसून मला इंग्रजी शिकवत. गिरणीच्या आवाजात ओरडून शिकवावं लागे. 'क्रियापद जवळच्याचं ऐकतं गं, लांबच्याचं नाही!' असं ते ओरडले होते, आणि दळणाला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. आठवीपासून बी.ए.पर्यंत मला त्यांनीच शिकवलं. माझे वडील, नाना, मला कॉलेजला पाठवायला तयार नव्हते, तेव्हा सर आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि नाना हो म्हणेपर्यंत पाणीसुद्धा प्यायले नाहीत. 'माझ्या खुर्चीवर रजीच बसेल,' हे ते गावभर सांगत.

"बाई, दुरुस्त करा ते," अध्यक्ष म्हणाले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

मी डस्टर हातात घेतलं. समोर मुलं वहीत लिहून घ्यायला थांबली होती. मला एवढंच सुचलं, की मी 'वेअर' लिहिलं तर ही सगळी 'वेअर' लिहितील.

डस्टर मी खाली ठेवलं. "साहेब, हे बरोबर आहे."

"सर चूक म्हणतात ना?"

"तरी बरोबर आहे."

अध्यक्ष उठले. फिरके सरांकडे बघून म्हणाले, "गुरूला तोंडावर खोटं पाडणारी बाई मुलांना काय वळण लावणार?" आणि बाहेर गेले. फिरके सर पाठोपाठ गेले. धांडे सर भिंत चाचपत, हळूहळू शेवटी गेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

निकाल संध्याकाळीच कळला. ज्योत्स्ना.

नानांनी गिरणीचा पट्टा उतरवला आणि विचारलं, "काय झालं माय? सर होते ना तिथं?"

"होते. माझंच एक वाक्य चुकलं."

"मग सरांनी सांगितलं असंल बरोबर काय ते."

"सांगितलं."

"चुकलं तर चुकलं. त्यांच्याकडून समजून घे नीट," नाना म्हणाले. चूक माझी म्हटल्यावर त्यांना हायसंच वाटलं. सर आणि चूक हे दोन शब्द त्यांच्या डोक्यात एकत्र बसलेच नसते.

पण माझ्या डोक्यात ते कसे बसवायचे? मी सरांच्या घरी गेले. काकू तुळशीपाशी दिवा लावत होत्या. "आत आहेत बघ," त्या म्हणाल्या, "दुपारपासून जेवले नाहीत." सर काळोखात खाटेवर बसले होते. चष्मा उशाशी काढून ठेवलेला, डोळे लाल झालेले.

"रजे," ते म्हणाले, "मला टीचर्स दिसलं गं."

"काय?"

"तुझ्या आरच्या पुढं मला एस दिसला. या डोळ्यांनी घात केला. टीचर्स वॉज असं मी कधी शिकवलं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. वर्गातून बाहेर पडल्यावर फिरकेंनी सांगितलं की टीचर होतं."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. नोकरी गेली होती, पण सर परत मिळाले होते. मी त्यांच्या पायाशी बसले. ते रडायला लागले. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मीच त्यांची समजूत काढायला लागले. "सर, मला दुसरीकडे मिळेल. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? डोळे आधी बरे होऊ देत."

"मी अध्यक्षांशी बोलतो उद्या."

"बोला. नाही ऐकलं तरी चालेल."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. काकूंनी दोघांना वाढलं. सर माझ्या आग्रहाखातर दोन घास जेवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला, की ठराव झाला आहे, आता काही करता येत नाही. मी लगेच इकडेतिकडे अर्ज करायला लागले. गावात कुणी ज्योत्स्नाबद्दल वाकडं बोललं की मी म्हणे, तिचा काय दोष? कुणी सरांबद्दल बोललं, तर मी भांडायला उठे. वर्गातला प्रकार मुलांनी घरोघरी सांगितला होता. मी सगळ्यांना सांगत सुटले, की सरांना नीट दिसत नाही, त्यांना टीचर्स दिसलं. एकदा तर पाणवठ्यावर मी एका बाईला आरच्या पुढे एस काढून दाखवला, ओल्या मातीत, काडीनं.

जुलैच्या मध्यात सरांच्या घरून पेढे आले. किशोर, त्यांचा मुलगा, संस्थेच्या दुसऱ्या शाळेत खेळाचा मास्तर म्हणून लागला होता. बी.पी.एड. होऊन तो बरीच वर्षं घरी होता. त्याचं ठरलेलं लग्न नोकरीपायी अडून राहिलं होतं. नानांनी पेढ्याचा पुडा गिरणीतल्या देवापुढे ठेवला, मग दळणाला आलेल्या सगळ्यांना वाटला. "सरांच्या पुण्याईनं झालं," ते म्हणाले. मीही एक पेढा खाल्ला.

नंतर थोड्याच दिवसांनी ज्योत्स्ना आमच्याकडे आली. शाळा सुटल्यावर तशीच आली होती, पर्स खांद्याला, बोटांना खडू लागलेला. नाना गिरणीत होते. मी तिला मागच्या अंगणात नेलं.

"रजनीताई, एक विचारू?" ती बाजेवर बसत म्हणाली. "ते नायदर-नॉरचं वाक्य. मुलं माझा जीव खातात. 'बाई, त्या ताईंचं बरोबर होतं की सरांचं?' रोज कुणीतरी विचारतंच."

"तुम्ही काय सांगितलं?"

"मला कुठे येतं? मी धांडे सरांना विचारलं. ते मला रोज पुढचा धडा समजावून देतात. ते म्हणाले, 'वॉज. जवळचा कर्ता एकवचनी, म्हणून वॉज.' अगदी तुम्ही सांगितलं होतं तसंच."

"बरोबर आहे. त्या दिवशी त्यांना टीचर्स दिसलं होतं," मी म्हटलं. हे वाक्य तोवर मला पाठ झालं होतं.

ज्योत्स्नानं मान वर केली नाही. "ताई, वाक्य तर त्यांनीच सांगितलं होतं ना? मी मागच्या दाराशी उभी होते. त्यांनी टीचर म्हटलेलं मी ऐकलं. त्यांना वाचायचं काय होतं त्यात?"

इतके दिवस मी गावभर फिरून त्या एसची बाजू मांडत होते, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. येऊ दिली नव्हती म्हणा.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "मी हे सांगितलं असं काकांना कळता कामा नये. मुलाखतीच्या आधी सर आमच्याकडे आले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा काका विचारत होते, 'ती पोरगी चुकलीच नाही तर?' सर म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'ती चुकणार नाही. तिला मी शिकवलंय. तिच्या बरोबरलाच चूक म्हणावं लागेल. ते माझ्यावर सोडा.' मग काका म्हणाले, 'किशोरचं माझ्यावर सोडा.'" तिचे डोळे भरून आले. "तेव्हा मला कळलं नाही हो, कुणाबद्दल चाललंय ते. शप्पथ. मला वाटलं, असेल कुणी. परवा सरांनी वॉज म्हटलं तेव्हा सगळं जुळलं."

अंगणात वाळत घातलेल्या गव्हावर चिमण्या बसल्या होत्या. मी त्या हाकलल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा हाकलल्या.

"तुम्ही नोकरी सोडणार आहात का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "काका सोडू देणार नाहीत. आणि मलाही..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. निदान खोटं तरी बोलली नाही. मला तिचा राग आला नाही. सगळा राग एकाच माणसासाठी लागणार होता.

ती निघताना मी तिला नॉट ओन्ली-बट ऑल्सो समजावून दिलं. ते तिला दुसऱ्या दिवशी शिकवायचं होतं.

त्या रात्री नानांना सांगावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. नाना जेवताना म्हणत होते, किशोरच्या लग्नात आहेर काय करायचा, भांडं की कापड? त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. मोठा माणूस म्हणून त्यांनी आयुष्यात एकच माणूस मानला होता. त्याच माणसाच्या शब्दावर त्यांनी भावकीचं वैर घेऊन पोरीला शिकवलं होतं. मी म्हटलं, "कापड करा." आणि ताट घेऊन उठले.

सरांकडे मात्र मी गेले नाही. काय विचारणार होते? मला ते पुन्हा रडलेले बघायचे नव्हते.

ऑगस्टमध्ये मला धडगावकडच्या एका आश्रमशाळेत नोकरी मिळाली. लांब, सातपुड्यात. सामान म्हणजे एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी. नाना मला एसटीत बसवून द्यायला आले, तर स्टँडवर सर आणि काकू आधीच येऊन थांबलेले. नानांनीच कळवलं होतं. काकूंनी दशम्या आणि चटणीचा डबा माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. त्यांना काही माहीत नव्हतं, हे मला त्यांच्या हातावरूनच कळलं.

सरांचा काळा चष्मा गेला होता. आता साधा, जाड भिंगांचा होता. डोळे स्वच्छ दिसत होते.

नाना पेटी टपावर चढवायला गेले. काकू त्यांच्या मागे, 'दोरी घट्ट बांधा' म्हणत. मी आणि सर तेवढे उरलो.

"कुठंही जा, नाव काढशील," सर म्हणाले. "तिकडच्या पोरांना पाया पक्का करून दे. जोड्या नीट शिकव."

"सर, 'तिच्या बरोबरलाच चूक म्हणावं लागेल' असं तुम्ही अध्यक्षांना म्हणालात?"

कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं नाही. नाही असंही म्हणाले नाहीत. उपरण्याच्या टोकानं त्यांनी चष्मा पुसला आणि परत लावला.

"किशोरचं वय चाललं होतं, रजे. लग्न मोडायला आलं होतं. नेहेते म्हणाले, एका हातानं द्या, दुसऱ्या हातानं घ्या. मी रात्रंदिवस विचार केला. दुसरी कुणी परकी पोरगी असती, तर तिच्या पोटावर पाय दिल्याचं पाप लागलं असतं. तू माझी आहेस. तू सावरशील हे मला माहीत होतं. आणि सावरलीस की नाही?"

"मग त्या संध्याकाळी रडलात ते?"

"ते खरं होतं," ते चटकन म्हणाले. "तुझी शप्पथ, ते खरं होतं."

"आणि एस?"

त्यांनी एसटीच्या टपाकडे पाहिलं.

"मी गावभर लोकांशी भांडले, सर. त्या एससाठी."

"ऐकलं मी."

"तरी बोलला नाहीत."

कंडक्टरनं घंटी मारली. मी एसटीच्या पायरीवर पाय ठेवला, पुन्हा काढला. एकच विचारायचं राहिलं होतं. "तुम्हाला झोप लागते, सर?"

त्यांनी जरा विचार केला. खोटं सांगता आलं असतं. मला वाटतं, ते सांगावं असंही त्यांना वाटून गेलं असेल.

"लागते," ते म्हणाले. "पहिले काही दिवस नाही लागली. आता लागते."

नाना धापा टाकत आले. "पेटी बांधली बरं. चल, बस आता. आधी सरांच्या पाया पड."

मी तशीच उभी राहिले.

"रजे, पाया पड माय. एसटी सुटंल."

सर एक पाऊल मागे सरकले. "राहू द्या हो, आशीर्वाद आहेच," ते घाईनं म्हणाले. स्टँडवर गावची दहा माणसं होती, सगळी बघत होती. मी काकूंना वाकून नमस्कार केला. मग नानांना. मग वर चढले आणि पलीकडच्या खिडकीपाशी जाऊन बसले. एसटी निघाली तेव्हा नाना हात जोडून सरांची माफी मागत होते. हे मला मागच्या काचेतून दिसलं.

नानांनी ती गोष्ट मनातून काढली नाही. मी सुट्टीत घरी आले की ते कुणालाही सांगत, "ज्यानं शिकवलं त्याच्या पाया पडली नाही. वाक्य चुकलं हिचं, आणि राग धरला त्यांच्यावर." मी ऐकून घेई. सर वारले तेव्हा नाना एकटेच जाऊन आले. माझ्याशी त्यानंतर आठवडाभर बोलले नाहीत.

नानांच्या शेवटच्या आजारपणात मी रजा काढून त्यांच्याजवळ होते. एका दुपारी त्यांना जरा हुशारी वाटली. मी त्यांना मऊ भात भरवत होते. ते म्हणाले, "रजे, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"सरांनी तुझं काही वाईट केलं होतं का?"

इतक्या वर्षांनी त्यांना ते विचारावंसं वाटलं होतं. म्हणजे ते पोटात कुठेतरी होतंच. सर जाऊन बरीच वर्षं झाली होती. सांगितलं असतं, तर निदान नानांच्या नजरेत तरी मी बरोबर ठरले असते. मला ते हवं होतं. फार हवं होतं.

ते माझ्याकडे बघत होते. तोंडातला घास तसाच होता.

"नाही, नाना," मी म्हटलं. "माझंच चुकलं होतं."

त्यांनी घास गिळला. मान हलवली. "मला वाटलंच," ते म्हणाले, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.